सातवी काच

किलकॉरन, काउंटी क्लेअर
१६ फेब्रुवारी १९०८

मॅलकी,

हे पत्र उभ्याउभ्या वाचू नकोस, बसून वाच.

लिलिसनं चुगली केली नव्हती. एकवीस वर्षं आपण ज्याचं घर वाळीत टाकलं, ज्याच्या दुकानातून चिमूटभर मीठही घेतलं नाही, त्या म्हाताऱ्यानं आपल्या भावाचं, थेडीचं नाव पोलिसांना कधी सांगितलंच नव्हतं. थेडीला पकडून दिलं ते कॉर्नेलियस टब्रिडीनं. हो, आपलाच टब्रिडी. चहा, रॉकेल, खिळे आणि शवपेट्यांच्या कड्या विकणारा, कौन्सिलात देशभक्तीवर तासभर बोलणारा, आणि रविवारी तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा चढवून गावाला उन्हात उभं करणारा.

मला कसं कळलं ते सांगते. साहेबांना जूनमध्ये कौन्सिलचं चेअरमन व्हायचंय. त्यासाठी तीन मेला, खंड थकला म्हणून जमीनदारानं आपलं घर पाडल्याला एकवीस वर्षं होतात त्या दिवशी, कोर्टाच्या सभागृहात जादूच्या कंदिलाचा खेळ ठेवलाय. घर पाडलं तेव्हा त्यांनी काचांवर घेतलेले फोटो भिंतीएवढे मोठे करून दाखवणार. काचांवर रंग भरायला मला बोलावलं. चर्चमधल्या संतांचे गाल मी रंगवते ना, म्हणून. "डेलिया बाई, थेडीचा सदरा जरा हिरवा करा," म्हणाले. "लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे."

हा माणूस खिळ्यांच्या पुडीवरसुद्धा आत किती खिळे ते लिहितो, हे तुला आठवत असेल. फोटोंचंही तसंच. दुकानामागे चहाच्या पेट्या रचून अंधारखोली केलीय. तिथे प्रत्येक काच चहाच्या तपकिरी कागदात गुंडाळलेली, आणि वर नंबर, तारीख, वेळ, ऊन कसं होतं, प्रती कुणाकुणाला दिल्या, सगळं त्याच्या त्या शेपटीवाल्या अक्षरात. सहाव्या काचेचा कागद मी तीनदा वाचला. लिहिलंय: "क्र. ६. मीहनांचं घर, पुढची खिडकी, थेडी मीहन. सकाळी साडेदहा. ऊन उत्तम. तीन प्रती. एक शेतकरी लीगच्या कचेरीला, एक वर्तमानपत्राला, एक सार्जंटला हातोहात."

हातोहात, मॅलकी! घर वाचवायला आत कोण कोंडून बसलंय हे पोलिसांना ठाऊक नव्हतं. मी आणि आई अंगणात, तू गुरं घेऊन डोंगरावर. धुरात आणि धुळीत उकळती लापशी मागचं दार फोडणाऱ्या त्या हॅनन शिपायाच्या तोंडावर पडली आणि त्याचे डोळे गेले, पण ती कुणी ओतली ते कुणाला दिसलं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी शिपाई सरळ थेडीकडेच आले. पाच वर्षं सक्तमजुरी. तिसऱ्या हिवाळ्यात तो रक्त ओकून मेला, आणि आपल्याला एक सदरा परत मिळाला.

आणि आपण काय केलं? तू चर्चच्या फाटकाशी उभा राहून ओरडलास की लिलिसला मी चौकीतून बाहेर पडताना पाहिलं. तो कुत्र्याचा परवाना घ्यायला गेलो होतो म्हणून शपथा घेत राहिला. वर्षात त्याचं दुकान बसलं. ते टब्रिडीच्या समोरच होतं, आता त्यात टब्रिडीची ओट धान्याची पोती भरलीत. लिलिसची बायको गेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला बाप आणि मुलगा, दोघंच. उरलेले दोन खांदे पाद्रीबाबांनी आणि कबर खणणाऱ्यानं दिले. मी फाटकाशी उभी होते. त्या मुलानं, ऑस्टिननं, माझ्याकडे पाहिलं. त्याच सुगीत आमचं लग्न व्हायचं होतं. मी पाठ फिरवली.

दर नाताळला तू लिहितोस, चुगलखोर हाती लागला तर कुत्र्याच्या मौतीनं मारीन. घे, लागला. कसं मारायचं ते कळव.

डेलिया

ता. क. पेटीत सहानंतर एकदम आठ नंबर आहे. सातवी काच कुठे गेली असेल?


साउथ बॉस्टन
१ मार्च १९०८

प्रिय डेलिया,

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप लागली नाही. पण रागाच्या भरात काही करू नकोस, बाई. सार्जंटनं फोटो मागितला असेल, दुकानदार माणूस, नाही कसं म्हणणार? तेव्हा दिवसच तसे होते. टब्रिडी आता म्हातारा झाला. तुला काम देतो, गावाला पंप बसवून दिला. थेडी काही परत येणार नाही. मेलेल्यांना स्वस्थ पडू दे.

ज्या माणसानं मला जहाजावर बसवलं, त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ उचलत नाही, हे तू समजून घे.

लिलिसच्या बाबतीत आपली चूक झाली. त्याच्यासाठी मी इथे एक प्रार्थना करवून घेईन.

सातवी काच फुटली असेल. ती शोधत बसू नकोस, धुळीनं तुझा खोकला वाढतो.

मी क्लेअरकर मंडळाचा उपाध्यक्ष झालो. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत हिरवा पट्टा घालून पुढे चालणार आहे. थेडी मीहनचा भाऊ म्हणून इथे लोक उठून खुर्ची देतात. मुलं ठीक आहेत.

तुझा भाऊ
मॅलकी


किलकॉरन
२२ मार्च १९०८

मॅलकी,

तू आणि क्षमा! एकवीस नाताळ तू पत्रांतून मारामाऱ्या करत होतास, आणि खरा माणूस सापडला तर संत होऊन बसलास? तुझंही नाक रंगवून चर्चमध्ये उभं करू का?

आणि तुला जहाजावर कुणी बसवलं म्हणालास? आईला तू सांगितलं होतंस की तिकीट मामानं दिलं. आई मरेपर्यंत रोज रात्री मामासाठी माळ जपत होती. बिचारा मामा, फुकटचं पुण्य खाऊन बसला.

तुझं ते वाक्य वाचलं आणि मी बाह्या वर केल्या. सातवी काच शोधू नकोस म्हणालास ना, मग मला ती शोधलीच पाहिजे होती.

टब्रिडीला एकच दुखरी जागा आहे, त्याची फोटोगिरी. व्यापारात त्याला चोर म्हटलं तरी हसतो, कौन्सिलात गाढव म्हटलं तरी हसतो. मी सहावी काच रंगवता रंगवता म्हटलं, "साहेब, बाहेरगावचे लोक म्हणतील, टब्रिडींना भिंतीच काढता येतात. खरी झटापट एकाही फोटोत नाही."

त्याचे कान लाल झाले. "अहो बाई, माझा सगळ्यात उत्तम फोटो या गावानं पाहिलेलाच नाही!"

"असं सगळेच म्हणतात," मी म्हटलं, आणि ब्रश धुवायला घेतला.

मग काय! जिना दणाणवत वर गेला, आणि पलंगाखालून बिस्किटांचा डबा घेऊन आला. कागद काढून काच खिडकीपुढे धरली. "बघा. वाफ बघा. हंड्यातून सुटलेली धार हवेत गोठलीय. त्या काळी असा क्षण पकडणारा अख्ख्या प्रांतात दुसरा कुणी नव्हता."

"कोण आहे हो हा माणूस?"

"निगेटिव्हमध्ये कोण ओळखणार? पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. असेल कुणी वेडा."

मी सहा आठवडे दिवसभर निगेटिव्ह बघतेय, मॅलकी. आता मला त्यात माणसं सरळ दिसतात. मागची खिडकी आपली होती. हंडा आपला होता, कान तुटलेला. आणि हंडा धरणाऱ्याचं नाक घोड्यानं लाथ मारून वाकडं केलेलं होतं. त्या घोड्याच्या लाथेनंतर तुझ्या नाकावर मीच बटाट्याचा लगदा बांधला होता. तू डोंगरावर नव्हतास.

तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. मिसेस हेहर, तिला चहा निवडायला अर्धा तास लागतो, देव तिचं भलं करो. मी अंधारखोलीत गेले, काचेवर काच ठेवून मेणबत्तीपुढे धरली, आणि कंदिलात घालण्याजोगी प्रत काढली. त्यानंच शिकवलंय. कागदही बदलला, त्याचा खरा कागद आता माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. त्यावर लिहिलंय: "क्र. ७. मागची खिडकी. मॅलकी मीहन, हंड्यासह. प्रत काढू नये. जपून ठेवावे."

थेडीनं काही ओतलं नव्हतं. तो पुढच्या खिडकीतून नुसता बघत होता. ती एक काच न्यायाधीशापुढे गेली असती तर तो संध्याकाळी घरी जेवायला आला असता.

आता तू बोल. आणि माझ्या खोकल्याची काळजी नको.

डेलिया


साउथ बॉस्टन
५ एप्रिल १९०८

डेलिया,

मी वीस वर्षांचा होतो.

त्या दिवशी सकाळीच डोंगरावरून परत आलो, मागच्या खिडकीतून आत शिरलो. थेडी म्हणाला हंड्याला हात लावू नकोस. पण मागचं दार मोडत होतं आणि मला काही सुचलं नाही. ओतलं, आणि परत खिडकीतून पळालो. हॅननच्या किंकाळ्या मला अजून ऐकू येतात.

थेडीला पकडलं तेव्हा मला वाटलं, पुरावा नाही, दोन महिन्यांत सोडतील. मी स्वतः जाऊन सांगणार होतो. शपथेवर सांगतो, सांगणारच होतो. त्या रात्री टब्रिडी काच घेऊन आला. म्हणाला, "ही चौकीत गेली तर दोघं भाऊ जातील. तुमच्या आईकडे कोण बघणार? उद्या चर्चच्या फाटकाशी लिलिसचं नाव घे, आठवड्यात तू जहाजावर असशील." मी नाव घेतलं. लिलिसचं दुकान बसावं एवढंच त्याला हवं होतं, हे मला जहाजावर बसल्यावर कळलं.

थेडीनं कोर्टात तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं तो उघडेल. खरं सांगायचं तर तो उघडेल अशी मी वाटही बघत होतो, म्हणजे माझी सुटका झाली असती.

डेलिया, मला चार मुलं आहेत. थोरला मुलगा पाद्री व्हायला निघालाय. त्याचं नाव थेडी आहे. इथे माझी जी काही किंमत आहे ती त्या नावावर आहे. मी पाया पडतो. सहावी काच दाखव. कागद दाखव. टब्रिडी तेवढ्यानं संपतो, लिलिस तेवढ्यानं सुटतो. सातवी फोडून टाक. तिच्यानं आणखी कुणाचं भलं होणार आहे?

मॅलकी


किलकॉरन
१९ एप्रिल १९०८

मॅलकी,

पत्र मिळालं. सहाव्या काचेनं टब्रिडी संपतो हे तुझं म्हणणं खरं आहे. मी त्यावर विचार करतेय.

थेडीचा सदरा हिरवा केला. छान दिसतो.

डेलिया


किलकॉरन
१४ जून १९०८

मॅलकी,

तू तीन तारा केल्यास, असं पोस्टमन सांगत होता. मी घेतल्या नाहीत. आता सगळं एकदाच लिहिते, कारण पुन्हा लिहिणार नाही.

तीन मेला चर्चमधली प्रार्थना झाल्यावर गाव कोर्टाच्या सभागृहात जमलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पुढे पाद्रीबाबा, मग कौन्सिलवाले, मागे बाया, आणि सगळ्यांत मागे दाराशी पाइप ओढणारे. कंदिलात काचा सरकवायला मी. टब्रिडी पडद्याजवळ काठी घेऊन. काठी जमिनीवर आपटली की मी पुढची काच घालायची.

पहिल्या पाच काचांना लोक रडले, टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मागून "टब्रिडी चेअरमन!" ओरडलं. सहावी घातली. हिरव्या सदऱ्यातला थेडी भिंतीएवढा झाला. टब्रिडी छातीवर हात ठेवून म्हणाला, "ज्याला एका नीच चुगलखोरानं..."

मी त्याच्या काठीची वाट बघितली नाही. पुढची काच घातली. ती सहाव्या काचेच्या कागदाची होती. कागदाचा फोटो मी त्याच्याच कॅमेऱ्यानं काढला होता. गावातल्या प्रत्येक घरी चहाच्या पुडीवर ते अक्षर आहे, मॅलकी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीही ती शेपटी ओळखली. मिसेस हेहरनं मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द लावत, "एक... सार्जंटला... हातोहात."

"हे काय आहे? कंदील बंद करा!" टब्रिडी ओरडला.

इथे माझा हात थांबला. खोटं नाही सांगत. तुझा मुलगा थेडी माझ्या डोळ्यांपुढे आला, मी कधी न पाहिलेला. तुझं म्हणणं बरोबर होतं, टब्रिडी संपला होता. मी तिथेच थांबू शकले असते.

पण मग माझा थेडी गुन्हेगार म्हणूनच भिंतीवर राहिला असता. हिरव्या सदऱ्यातला शूर गुन्हेगार, ज्याच्या नावावर तू खुर्च्या मिळवतोस. त्यानं तुझ्यासाठी तोंड मिटलं, आणि तू त्याच्यासाठी एकवीस वर्षांत एकदाही उघडलं नाहीस. मी सातवी घातली.

आता ती काळीपांढरी उलटी नव्हती. वाफ, हंडा, नाक. कुणी विचारलंसुद्धा नाही कोण म्हणून. म्हातारा टिमलिन तेवढं म्हणाला, "अरे, हा तर धाकटा!" त्यानंतर मी सातव्याचा कागद दाखवला आणि कंदील विझवला.

कुणी टब्रिडीच्या अंगावर धावलं नाही. तुला ठाऊक आहे आपल्याकडे काय करतात ते. एकेक जण उठला, त्याच्याकडे पाठ केली आणि बाहेर गेला. पाद्रीबाबासुद्धा. तो मधल्या वाटेत उभा राहून नावं घेत होता, "मायकल! ओवेन! अहो, मी पंप बसवला ना!" एकामागून एक पाठ निघून गेली.

सोमवारी त्यानं दुकान उघडलं. मंगळवारी उघडलं. मिसेस हेहर आठ मैल चालत दुसऱ्या गावी चहा आणायला जाते, आणि तिथेही अर्धा तास लावते. कौन्सिलात त्याचं नाव वाचलं गेलं तेव्हा अनुमोदन द्यायला एकही हात वर झाला नाही. तो दाराशी कॅमेरा लावून बसतो, पण त्याच्या समोरून जाताना लोक रस्ता बदलतात. मला आनंद झाला का? झाला. मी खिडकीत खुर्ची टाकून बघते. मी चांगली बाई आहे असं मी कधी म्हटलं नव्हतं.

मग मी दलदलीच्या रस्त्यानं ऑस्टिनकडे गेले. बाप दोन वर्षांपूर्वी गेला, खरं न कळताच. त्याच्या वेळी किती खांदे मिळाले ते मी विचारलं नाही. ऑस्टिन चुलीत जाळायला दलदलीतली माती कापत होता. केस पांढरे झालेत. मी सगळं सांगितलं, अगदी फाटकापर्यंतचं. म्हटलं, "मी माफी मागायला आलेय." त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. कुदळ पुसली, कोट उचलला आणि माझ्याकडे पाठ करून घरात गेला. दार लावलं, तेही हळूच.

मी तिथे बराच वेळ उभी होते. फिरवलेली पाठ बघताना कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी ती रोज त्याला दाखवत होते. तो त्याचा हक्क आहे, आणि मी ती पाठ मरेपर्यंत सोसेन.

आता तुझं. सातव्या काचेची प्रत आणि दोन्ही कागदांचे फोटो मी बॉस्टनच्या क्लेअरकर मंडळाच्या चिटणिसांना पाठवलेत. खाली एवढंच लिहिलं: तुमचे उपाध्यक्ष. तिथे किलकॉरनची अठ्ठावीस माणसं आहेत असं तूच अभिमानानं लिहायचास. त्यांना पाठ कशी फिरवायची ते शिकवायला नको.

तुझ्या मुलाला सांग, त्याला नाव ज्याचं दिलंय तो निर्दोष होता.

मला पत्र पाठवू नकोस. या घरात ते उघडलं जाणार नाही.

डेलिया मीहन


साउथ बॉस्टन
५ जुलै १९०८

डेलिया,

काल मंडळात गेलो. नेहमीच्या बाकावर बसलो. टॉम गिलफॉयल उठला, मग त्याचा भाऊ. थोड्या वेळानं अख्खा बाक रिकामा झाला आणि मी एकटा राहिलो, हिरवा पट्टा मांडीवर घेऊन. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. चर्चमध्ये आज तसंच. माझा थोरला, थेडी, पाद्र्यांच्या शाळेतून आला, जेवला, आणि माझ्याकडे न बघता परत गेला.

लिलिसला वीस वर्षं असं वाटत होतं का? दोन दिवसांत माझा जीव गुदमरलाय.

मी हॅननच्या मुलीला पत्र लिहिणार आहे. तिचा पत्ता तुला माहीत असेल. मी परत येईन, चौकीत जाऊन सांगेन, तू म्हणशील ते करीन. फक्त एक ओळ लिही. शिवी लिही. आपण लहानपणी चुलीपाशी बसून एका ताटलीतले बटाटे सोलायचो, तू, मी आणि थेडी, आता दोघंच उरलोय. दोघांनी तरी एकमेकांशी बोलायला नको का?

मॅलकी


(पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीनं, किलकॉरनच्या पोस्टमनचं अक्षर:)

घेतलं नाही. परत पाठवावे. दार उघडंच होतं. मी दोनदा हाक मारली. ती पाठमोरी बसली होती.